बांधावर राहिलेले खोके

टेम्पो कुळगावच्या वळणाआड गेला, त्याचा धूर विरला, तरी संजीवनी ओट्यावरच उभी होती. निरोपासाठी वर केलेला हात खाली घ्यायचं तिला सुचत नव्हतं. रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तोही स्वतःचाच.

"मला कशाला दिल्ली?" असं तीच म्हणाली होती. सगळ्यांसमोर, हसत हसत, पदर सावरत. या घरात सुनेला काही विचारलं की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं, ही जुनी रीत. साडी घ्यायची का? मला कशाला. जत्रेला येतेस? मला कशाला. मग विचारणाऱ्याने दुसऱ्यांदा विचारायचं, तिने जरा आढेवेढे घ्यायचे, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणून तडक पिशवी भरायला घ्यायची. सासूबाई, विठाबाई, होत्या तोवर हे नीट चालायचं, कारण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारायचं काम त्या करायच्या. त्या गेल्या आणि रीत अर्धीच उरली. सुना अजून पहिल्यांदा नाही म्हणतात, आणि पुरुष ते खरं धरून मोकळे होतात.

तेजलने दिल्लीच्या जागतिक फळ-प्रदर्शनात बदलापूरच्या जांभळाला जागा मिळवली आणि चौघांचे पास आले, तेव्हा नेमकं तसंच झालं. तेजल जाणार हे उघडच होतं. तिचे वडील संतोष आणि मोठे काका कैलास, म्हणजे संजीवनीचा नवरा, यांचीही नावं ठरल्यासारखीच होती. चौथ्या पासाचं कैलासने बायकोला विचारलं. एकदा. ती "मला कशाला" म्हणाली आणि तिने श्वास घ्यायच्या आत तो म्हणाला, "मग आबांना नेऊ." सत्तरी ओलांडलेले सासरे, आनंदा आबा, लगेच स्वेटर शोधायला उठले. जून महिन्यात. त्यांना दुसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही.

संजीवनीला दिल्लीचे किल्लेबिल्ले बघायचे नव्हते. तेजलने फोनवर दाखवलं होतं, तिथे देशोदेशीचे मांडव असतात आणि एकेका देशाचं फळ झाडासकट आणून ठेवतात. त्यात एक चेरीचं झाड होतं, कुंडीतलं, लाल फळांनी लगडलेलं. "ही तर आपल्या जांभळाची मावसबहीण दिसते," असं ती तेव्हा म्हणाली, आणि तेव्हापासून ते झाड तिच्या डोक्यातून जाईना. इतकं बुटकं झाड! म्हणजे उभ्या उभ्या फळ तोडता येत असणार. कुणाला वर चढवायला नको, खाली झोळी धरून मान मोडून घ्यायला नको. खरंच तसं असतं का, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तेवढंच. आणि तेवढं एक वाक्य तोंडातून न निघाल्यामुळे ती आता ओट्यावर होती.

शेवटी ती आत गेली आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कारखान्यातून आणलेल्या जीन्सच्या गठ्ठ्यासमोर बसली. पॅन्टींचे लोंबणारे धागे कापून परत पाठवायचे, हे तिचं घरबसल्याचं काम. आज कात्री जरा जास्तच जोरात चालत होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बांधावर कावळ्यांनी कालवा मांडला. बांधावर घराण्याचं जुनं जांभूळ होतं. अलीकडे कैलासचं घर, पलीकडे संतोषचं. वाटणीत सगळं वाटून झालं, हे झाड तेवढं वाटता आलं नाही. चार वर्षांपूर्वी संतोषने गोठ्याच्या छपराला म्हणून त्याची एक फांदी न विचारता तोडली, आणि त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला. आपण आता बोलणार नाही, हेसुद्धा त्यांनी एकमेकांना बायकांकरवी कळवलं होतं.

कात्री तशीच हातात घेऊन संजीवनी कावळ्यांना हाकलायला गेली आणि जागच्या जागी थांबली. जांभळाच्या सावलीत, बरोबर हद्दीच्या दगडावर, थर्माकोलचे दोन खोके ठेवले होते. चिकटपट्टी मारलेले. एव्हाना दिल्लीच्या वाटेवर असायला हवे होते ते.

"भावना!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की कावळे स्वतःच उडाले. "अगं भावना, बाहेर ये!"

संतोषची बायको भावना पिठाच्या हातांनी धावत आली. खोके बघून तिने ते हात तसेच कपाळाला लावले.

"अगं बाई! हे इथे कसे?"

"तेच तुला विचारतेय."

"यांनी पहाटे इथे आणून ठेवले ना. म्हणाले, माझं काम बांधापर्यंत. चढवायचं त्यांनी बघावं. काल तुम्हाला निरोप दिला नव्हता का मी?"

"दिलास. आणि मी यांना सांगितला. आणि यांचा निरोप तुला दिला, की सामान मी चढवतो, पण फळं त्याने गाडीपर्यंत आणायची."

निरोप शब्दाला शब्द पोचले होते, त्यात काडीची चूक नव्हती. संतोष बांध ओलांडून टेम्पोपर्यंत गेला नाही. कैलास टेम्पो सोडून बांधापर्यंत आला नाही. एका टेम्पोत बसायला नको म्हणून संतोष रिक्षाने स्टेशनला गेला, तेव्हा कैलासला वाटलं खोके रिक्षात असतील, आणि संतोषला वाटलं टेम्पोत. जगाला जांभूळ दाखवायला निघालेली ही मंडळी टोपल्या, पानं, बॅनर, सिरक्याच्या बाटल्या, आबांचा स्वेटर, सगळं घेऊन गेली होती. जांभळं तेवढी राहिली होती.

संजीवनीने फोन लावला. तेजलने आनंदाने उचलला. "मोठी आई! आम्ही घाट चढलो पण. आबा खिडकी सोडायलाच तयार नाहीत."

"तेजल, खोके कुठे आहेत?"

"बाबांकडे असतील. थांब हां, विचारते." मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. दोघा भावांनी डब्याच्या दोन टोकांना जागा बदलून घेतल्या होत्या आणि पोरगी फोन घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती. शेवटी दोघेही मध्ये आबांच्या बाकाशी आले असावेत, कारण फोनमध्ये एकदम कल्ला झाला.

"कुणीतरी विचारा त्याला," हा कैलासचा आवाज, "बांधावर ठेवले म्हणजे काय? बांध काय दिल्लीला जातो?"

"कुणीतरी सांगा त्यांना," हा संतोष, "टेम्पो चार पावलं पुढे घेतला असता तर काय टायर झिजले असते?"

"गप रं दोघं!" आबा कडाडले. "चार वर्सं मी आयकतोय, सांगा त्याला, सांगा त्याला. फळं कुनी आनायची ते बोला आदी!"

"मी नाशिकला उतरतो आणि परत जातो," कैलास म्हणाला.

"काका, तुम्ही परत जाऊन परत येणार कधी? परवा सकाळी उद्घाटन आहे," तेजल रडकुंडीला आली होती. "इतक्या लोकांना सोडून आपल्याला जागा दिली त्यांनी. रिकामा स्टॉल दिसला ना, तर पुढच्या वर्षी दारातसुद्धा उभं करणार नाहीत. मोठी आई, ऐक ना... तू येशील घेऊन? संध्याकाळच्या गाडीला बघते मी तिकीट."

'मला' हा शब्द संजीवनीच्या जिभेवर आलाच होता. वर्षानुवर्षांची सवय, ती कुठे जाणार! तिने तो गिळला. अगदी पाण्याच्या घोटासारखा गिळला.

"येते," ती म्हणाली.

मग कैलासचा आवाज आला, "ती? एकटी? अगं, तू कल्याणच्या पुढे कधी गेली आहेस का?"

"एकटी कशाला? भावना आहे ना बरोबर."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की भावनाला आपण विचारलंच नाही. भावना तोंडाचा आ करून बघत होती.

"मला कशाला ताई?" ती म्हणाली, आणि पटकन खाली बघायला लागली.

संजीवनीला हसू आलं. हेच वाक्य, हीच खाली घातलेली मान. ओट्यावर आपण अशाच दिसलो असणार.

"चल गं," ती म्हणाली.

"गुरं आहेत. दूध कोण काढेल?"

"शेजारच्या अंजनीआत्या काढतील. भावना, फोनवरचं धरून मी तिसऱ्यांदा विचारतेय. आई नाहीत, म्हणून मी विचारतेय. माझ्याबरोबर दिल्लीला येतेस का?"

भावनाने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते आणि कपाळाला पीठ लागलं होतं. "बरं," ती म्हणाली, "तुम्ही एवढं म्हणताय तर." आणि अशी पळाली आत, की पिशवी जणू भरूनच ठेवली होती.

मग दुपारभर धांदल. खोके उघडून त्यांनी फळं पाहिली. पहाटेची तोड, जांभळाची सावली आणि आतल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्यामुळे फळ अजून टवटवीत होतं. बाटल्या बदलल्या. पुढचा प्रवास लांबचा, म्हणून संजीवनीने घरातल्या जुन्या जीन्सचे जाड तुकडे मशीनवर जोडून दोन्ही खोक्यांना अंगरखे शिवले. एकाला तर खिसासुद्धा आला.

"याला पट्टाही घालू या," भावना म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

तेजलने चार्ट लागल्यावर उरलेल्या दोन जागा मिळवल्या, एसी डब्यातल्या. "फळांसाठी एसी," तिने फोनवर बजावलं, "तुमच्यासाठी नाही, टेन्शन नको घेऊस." कल्याणला गाडीत चढल्यावर दोघींनी आधी खोके बाकाखाली सरकवले, मग त्यांना हात लावून पाहिलं, मग स्वतः बसल्या. रेल्वेने दिलेली एक चादर भावनाने अंगावर घेतली आणि दुसरी खोक्यांवर घातली.

समोरच्या बाकावर भोपाळची एक आजी होती. ती बराच वेळ हे बघत होती. "बेटा, इसमें बच्चा सुलाया है क्या?" तिने विचारलं.

"नहीं जी, जामुन है," संजीवनी म्हणाली. "दिल्लीमें वो बडा एक्झिबिशन है ना, दुनिया का. उसके लिए."

"दुनिया का? और आप लोग लेके जा रहे हो?"

"हां," संजीवनी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते ऐकून बरं वाटलं. "हमही लेके जा रहे है."

चार माणसांत बसून एकट्याने खायचं नाही, हे कुळगावात मुलांना बोलायच्या आधी शिकवतात. म्हणून भावनाने निवडताना बाजूला काढलेली जांभळं पळसाच्या पानात बांधून घेतली होती. तिने ती सोडली आणि आजूबाजूला फिरवली. थोड्या वेळात आजी, तिचा जावई आणि वरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेला एक गंभीर माणूस, असे सगळे एकमेकांना जांभळ्या जिभा दाखवत होते.

बाहेर शेतं मागे पळत होती. उन्हं उतरली होती. संजीवनी काचेला डोकं टेकून म्हणाली, "भावना, एक ठरवलंय मी. आता निरोप नेणार नाही."

"म्हणजे?"

"यांचा संतोषभावजींना, त्यांचा यांना. बास झालं. आपण चार वर्षं इमानाने निरोप पोचवले, म्हणून तर त्यांना बोलावं लागलं नाही. आणि फळं राहिली बांधावर."

भावना चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "हे चिडतील."

"चिडू देत. समोरासमोर चिडतील, तेवढंच."

"मग मीपण नाही नेणार," भावना म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "ताई, ती फांदी तोडली तेव्हा मी यांना नको म्हणाले होते. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. पण वाटलं होतं." संजीवनीने तिचा हात हातात घेतला. चार वर्षं दोघी बांधाच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलल्या होत्या. एका बाकावर बसायला त्यांना दिल्लीची गाडी लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिल्लीच्या फलाटावर सगळे हजर होते. आबा पुढे, तेजल उड्या मारत, आणि कैलास आणि संतोष दोन खांबांपाशी, मध्ये माणसांची वर्दळ. खोके खाली उतरले. जीन्स घातलेले खोके बघून हमालसुद्धा हसला.

कैलासने एकदा खोक्यांकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. ती नीट पोचली याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "सांग त्याला, एक खोका उचलायला."

संजीवनी फलाटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं. पण त्यांनीही ऐकलं. समोरच आहेत."

कैलास गोंधळला. संतोषने आशेने भावनाकडे पाहिलं, तर तिनेही पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. आबा कमरेवर हात ठेवून गंमत बघत होते. हमाल उगाच थांबला होता. मग कैलास वाकला आणि एक खोका उचलून खांद्यावर घेतला. संतोषने दुसरा घेतला. जिन्यापर्यंत दोघे पुढेमागे चालत गेले, न बोलता, पण चार वर्षांत पहिल्यांदाच एका रांगेत.

सकाळी स्टॉलवर खोके उघडताना सगळ्यांनी श्वास रोखले होते. वरच्या थरातली काही फळं मऊ पडली होती. तिने अलगद पानं बाजूला केली. खाली जांभळं जशीच्या तशी होती, काळीभोर, अंगावरच्या निळसर धुरकट सायीसकट.

"आली!" तेजलने तिला मिठी मारली. "मोठी आई, आली गं आपली जांभळं!"

आणि मग लोक यायला लागले. उंच, ठेंगणे, सोनेरी केसांचे, पगडीवाले. तेजल इंग्रजीत सांगत होती, आबा मराठीतच सांगत होते आणि त्यांच्याभोवती गर्दी जास्त होती. जीन्सच्या अंगरख्यांचे फोटो निघाले. एका परदेशी बाईने जांभूळ तोंडात टाकलं, तिचा चेहरा आधी आक्रसला, मग फुलला, आणि तिने दुसऱ्यासाठी हात पुढे केला. सुनांसाठी तेजलने फाटकावरून तिकिटं काढली होती, पण दोघी सकाळपासून स्टॉलच्या मागेच, पानांवर फळं मांडत होत्या.

गर्दी जरा ओसरली तेव्हा कैलास घाम पुसत म्हणाला, "काय गं, तुला बघायचंय का हे सगळं? फिरून येऊ या जरा."

संजीवनीने हातातलं पान खाली ठेवलं. आता 'येते' म्हणायला काही अडचण नव्हती. परवापासून तिची जीभ सुटली होती. पण या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला होता, आणि तिला एकदा, फक्त एकदा, बघायचं होतं.

"मला कशाला?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"बरं," कैलास म्हणाला आणि स्टुलावर बसायला वळला.

"दादा."

कैलास अर्धा वाकलेला तसाच राहिला. आबांचं बोलणं थांबलं. हाक संतोषची होती. भावनाने काल रात्री जेवताना त्याला काय काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्याचे कान लाल झाले होते.

"दादा," तो पुन्हा म्हणाला, "वहिनीला परत विचार."

"परत म्हणजे?" कैलासने विचारलं. थेट त्यालाच विचारलं.

"परत म्हणजे परत. आणि मग आणखी एकदा. आई विचारायची तसं."

कैलास भावाकडे बघत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. मला कशाला साडी, मला कशाला जत्रा, मला कशाला दिल्ली. इतक्या वर्षांची सगळी 'मला कशाला' त्याला एकदम आठवली असावीत. तो उठला.

"संजीवनी, चल ना."

"स्टॉलवर कोण बसणार?" तिने पदर सावरत विचारलं.

"संत्या बसेल. काय रे, बसशील ना?"

"बसतो की," संतोष म्हणाला. त्याने तोंड फिरवलं आणि नीट मांडलेली पानं उगाच पुन्हा मांडायला घेतली. आबांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. तो त्यांनी दिल्लीच्या उन्हाळ्यातही घातलाच होता.

"चल गं," कैलास तिसऱ्यांदा म्हणाला. "ते चेरीचं झाड कुठे आहे ते दाखव मला. तू तेजलला सारखी विचारायचीस ना? मला वाटायचं, असंच विचारतेस."

"बरं," संजीवनी म्हणाली, "तुम्ही एवढं म्हणताय तर."

आणि ती निघाली. पिशवी घ्यायला तिला मागे वळावं लागलं नाही. ती तिने सकाळपासून खांद्यालाच अडकवून ठेवली होती.